दादाच्या मुठीने

३ जून

प्रिय दादा,

तू फोन घेत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले. वहिनी म्हणाली, तुझा आवाज ऐकला की मी रडते आणि मी रडले की तू चिडतोस, तेव्हा दोघांनी लिहिलेलंच बरं. बरं बाबा, लिहिते. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचास, त्यामुळे आता चुका निघाल्या तर दोष तुझा.

आधी बातमी. तू दिलेल्या काट्यावर आज सकाळी एकोणऐंशी भरले! मार्चमध्ये चौऱ्याऐंशी होते. गिरणीतली चाकं फिरावीत तसा तो काटा आधी इकडेतिकडे फिरतो आणि मग थांबतो, तोवर माझा जीव वरखाली होतो. आता सात किलो राहिले. डॉक्टर म्हणाले आहेत, सप्टेंबर संपायच्या आत बहात्तर. माझ्या लिव्हरवरची चरबी उतरल्याशिवाय त्यातला तुकडा काढून तुला लावता येणार नाही, आणि तुझं लिव्हर फार तर ऑक्टोबरपर्यंत कळ काढेल. तुला हे सगळं माहीत आहे. पण मी रोज सकाळी स्वतःला सांगते, तसं तुलाही सांगितलं.

एकच अडचण आहे. सकाळी अकरा आणि दुपारी चार, या दोन वेळांना मशीनवर बसल्याबसल्या पोटात कावळे ओरडायला लागतात. गेल्या आठवड्यात अशा भुकेत मी अकरा शर्टांच्या कॉलरी उलट्या शिवल्या. सुपरवायझर बाईंनी त्या माझ्यासमोर एकेक करून उसवल्या, आणि पूर्ण वेळ एक शब्द बोलल्या नाहीत. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुला तिथल्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ बाई दर पंधरवड्याला भेटतात ना? त्यांना विचार, भूक लागली की मी काय खाऊ. तू सांगशील तेवढंच आणि तसंच खाईन, वहीत लिहूनही ठेवीन. आणि मला ढब्बू म्हणायचं आता सोड. ऑक्टोबरनंतर शोभणार नाही.

तुझी,
ढब्बू (नाइलाजाने)

१२ जून

प्रिय ढब्बू,

पाच किलो! वर्गात पहिली आलीस तेव्हासुद्धा मला एवढं आश्चर्य वाटलं नव्हतं. अर्थात तू कधी पहिली आली नाहीस, ही गोष्ट वेगळी.

बाईंना विचारलं. उपाशी अजिबात राहायचं नाही. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात दोन चमचे मध. नाश्त्याला मोठा ग्लासभर संत्र्याचा रस, ताजा काढलेला. अकरा वाजता मूठभर अक्रोड आणि काजू, चार वाजता मूठभर खजूर आणि मनुका. मूठ माझी धर. तुझी मूठ म्हणजे चिमणीची, तिने काय होणार. जेवणात कच्च्या भाज्या भरपूर, त्यावर चांगलं तेल सढळ हाताने. ही सगळी निसर्गाची देणगी आहे, तिला घाबरायचं काही कारण नाही.

मी ठीक आहे. दुकान दुपारपर्यंत उघडतो. काल दुरुस्तीला एक जुना तराजू आला होता, दोन्ही पारड्यांत काही नसताना एका बाजूला झुकलेला. दांडीच्या टोकाला कुणीतरी मेण लावून ठेवलं होतं. खरवडून काढलं तेव्हा कुठे सरळ झाला. त्यातच बराच वेळ गेला.

तुझ्या धाकटीला मामाचा पापा.

तुझा,
दादा

३० जून

प्रिय दादा,

काटा हलत नाही.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. एकोणऐंशी म्हणजे एकोणऐंशी. जागचं हलायचं नावच घेत नाही. तू लिहिलंस त्यातलं मी काहीही चुकवलेलं नाही, अगदी काहीही. भात अर्धा केला, साखर बंद केली, पाव बघत नाही. मशीनच्या खणात बॉबिनींच्या शेजारी दोन डबे ठेवलेत, अक्रोडाचा आणि खजुराचा. तुझी मूठ आठवून आठवून मोजते. लहानपणी तुझ्या मुठीतले चणे संपता संपायचे नाहीत, म्हणून मी एक मोठी वाटीच ठरवली आहे, ती बरोबर तुझ्या मुठीएवढी आहे.

काट्यात तर काही बिघाड झाला नसेल? तूच दिला आहेस, म्हणून विचारायला जीभ रेटत नव्हती. पण मी आता दिवसातून पाच वेळा वर चढते. पाणी पिऊन चढते, न पिता चढते. तुझे मेहुणे म्हणतात, असं चढून चढून काटाच बारीक होईल. ते हसले, मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडले.

तीन महिने राहिलेत, दादा. दोन महिने आणि तीस दिवस, असं म्हटलं की जास्त वाटतात.

तुझी,
ढब्बू

७ जुलै

प्रिय ढब्बू,

काटा बरोबर आहे. तरी तुझी खात्री व्हावी म्हणून सांगतो. दुकानातून साखरेच्या पाच किलोच्या दोन सीलबंद पिशव्या आण, काट्यावर ठेव. दहाच्या आत-बाहेर एक रेघ दिसली तर मला सांग, मी धंदा बंद करतो. एकतीस वर्षांत माझ्या हातचा काटा खोटं बोललेला नाही.

वजन मधेच अडतं, सगळ्यांचं अडतं. शरीर घाबरलं की धरून ठेवतं. तेव्हा त्याला घाबरवू नकोस. कारखान्यातून घरी चालत येतेस ते बंद कर, बसने ये, विश्रांती घे. रविवारी एक दिवस पूर्ण सूट, मनाला येईल ते खा. आणि झोपताना कपभर दूध, त्यात बदामाची पूड. झोप चांगली लागली की बाकीचं होतं.

माझी भूक सुधारली आहे. काल दोनदा जेवलो. उगाच काळजी करून डोकं पिकवू नकोस.

तुझा,
दादा

१६ जुलै

प्रिय वन्सं,

तुमच्या दादांना न सांगता लिहिते आहे. पत्र मिळाल्याचं त्यांना कळू देऊ नका.

त्यांनी तुम्हाला काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पाकीट ते स्वतः चिकटवतात. पण भूक सुधारली असं लिहिलं असेल तर ते खरं नाही. पायांवर सूज आहे, बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. अंगाला इतकी खाज सुटते की बाह्या रक्ताने भरतात. दुकान मेपासून बंदच आहे. परवा माझ्याकडे पाहून त्यांनी मला ‘आई’ म्हणून हाक मारली, आणि पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, मी असं म्हणालोच नाही. डॉक्टर सांगतात, असं अधूनमधून होईल, मग वाढेल.

विचारायची लाज वाटते. तुमच्या अंगावर सुरी चालवायची आणि वर मी घाई करायची. पण वन्सं, किती किलो राहिले?

तुमची,
वहिनी

२२ जुलै

प्रिय दादा,

साखरेच्या पिशव्या ठेवून पाहिल्या. दहा. काटा बरोबर आहे. म्हणजे चूक माझीच.

आज साडेएकोणऐंशी. वाढले! चालणं बंद केलं, रविवारची सूट घेतली, दूध घेतलं, सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं आणि अर्धा किलो वाढले. आरशासमोर उभी राहिले की वाटतं, हे पोट माझं नाही, तुझ्या वाटेत आडवं पडलेलं काहीतरी आहे. कारखान्यात एक बाई म्हणाली, बाई गं, काहींची हाडंच जड असतात. तिच्या अंगावर जाणार होते.

तू कसा आहेस? खरं सांग.

३१ तारखेला मी हॉस्पिटलात तपासणीला येते आहे. वही घेऊन येते, तुझ्या आहारतज्ज्ञ बाईंनाच दाखवते. तपासणी झाली की घरी येईन.

तुझी,
ढब्बू

२६ जुलै

प्रिय ढब्बू,

मी खरंच बरा आहे.

एवढ्या लांब कशाला येतेस, तिथल्याच डॉक्टरांकडून तपासून घे. आणि एक सांगू? तू जिवाचा आटापिटा केलास, मी पाहिला. काही शरीरांना नाही जमत. त्यात तुझा काय दोष? इथल्या डॉक्टरांनी माझं नाव यादीत घातलं आहे, कुणा अनोळखी माणसाचं लिव्हर मिळू शकतं. मिळतात, लोकांना मिळतात. तू आता हे सगळं सोड, पोटभर जेव, धाकटीकडे बघ.

येऊच नकोस. वही वगैरे दाखवायची काही गरज नाही.

तुझा,
दादा

२ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र मी निघाल्यावर घरी पोचलं. आता परत आल्यावर वाचलं, आणि बरं झालं आधी वाचलं नाही.

काय झालं ते सांगते, म्हणजे मला काय काय कळलंय याचा तुला हिशेब लागेल. बाईंच्या खोलीत एक टेबल आहे, त्यावर वाट्या आणि चमचे मांडलेले. त्यांनी वही वाचली. पहिलं पान वाचून चष्मा काढला. मला म्हणाल्या, ‘ही मूठ कुणाची?’ मी म्हटलं, भावाची. त्यांनी टेबलावरची सगळ्यांत मोठी वाटी पुढे केली, ‘एवढी?’ मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही अकरा वाजता एक जेवण जेवता आणि चार वाजता दुसरं. जेवणं मात्र तुम्ही घरचीच मोजता.’ मग एकेक ओळीवर पेन्सिल ठेवत गेल्या. रसाचा ग्लास म्हणजे चार संत्री, एरवी तुम्ही एक खाल. मध म्हणजे साखरच, नाव वेगळं. तेलाचा एक सढळ हात म्हणजे तुम्ही सोडलेला भात परत ताटात. रविवारची सूट आठवड्याची सगळी कमाई घेऊन जाते. ‘यातलं काहीच वाईट नाही,’ म्हणाल्या, ‘म्हणून तर कुणाला संशय येत नाही. कुणी सांगितलं हे तुम्हाला?’

मी म्हटलं, तुम्हीच. भावाच्या हाती निरोप दिला होतात.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, ‘तुमचे भाऊ जूनमध्ये आले होते. बहिणीचं वजन उतरता उतरता अडकू नये म्हणून कशापासून जपायचं, असं त्यांनी विचारलं. मी दोन रकाने करून दिले. एकात खायचं ते, दुसऱ्यात जपायचं ते. इतकी काळजी घेणारा भाऊ पाहून मला फार बरं वाटलं होतं.’

दादा, तू मला दुसरा रकाना पाठवलास.

बाई काहीतरी बोलत होत्या आणि मला फक्त तुझं अक्षर दिसत होतं, ‘मूठ माझी धर’. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले. दुकानाचं शटर बंद, त्याच्या कुलपाला गंज चढलेला. वहिनी वरच्या खिडकीत तुझे शर्ट वाळत घालत होती, बाह्यांवर डाग होते. आणि मी तिथूनच परत फिरले. समोर आले असते तर काय बोलले असते, मला माहीत नाही.

सात आठवडे वाया गेले, दादा. तुला आहेत तरी किती? एकतीस वर्षांत तुझा काटा खोटं बोलला नाही म्हणतोस. मग तू कसा बोललास? मला उत्तर हवं आहे. गोड बोललास तर पत्र फाडून टाकीन.

ढब्बू

१० ऑगस्ट

ढब्बू,

गोड बोलत नाही. बोलण्यासारखं काही उरलेलंही नाही. हे पत्र तीन दिवस लिहितो आहे, मधेच शब्द सुटतात.

खरं आहे. सगळं मुद्दाम केलं.

मेमध्ये तुम्ही सगळे आला होतात. तुम्ही बायका आत होतात, धाकटी माझ्यापाशी बसून माझी पितळी वजनं उंचीप्रमाणे लावत होती. सगळ्यांत मोठ्यापासून सगळ्यांत लहानापर्यंत. लावता लावता म्हणाली, ‘मामा, आईचा तुकडा काढून तुला दिला की आई लहान होईल का?’ मी म्हटलं, नाही गं. तिने विचारलं, ‘तुला कसं माहीत?’

मला माहीत नव्हतं. अजून नाही. आईच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, छोटं ऑपरेशन आहे, संध्याकाळी चहा घेतील. बाबा बाहेरगावी होते. कागद माझ्यापुढे ठेवला, मी सही केली. मी बावीसचा होतो, तू तेरा. संध्याकाळी काय झालं ते तू पाहिलंस. तेव्हापासून मी दुकानाच्या पावतीवरसुद्धा पूर्ण सही करत नाही, नुसतं एक अक्षर काढतो. तुझ्या लक्षात आलं नसेल.

आता पुन्हा एक कागद येणार. तुझ्याकडून मी हे घेतो आहे, असं लिहिलेला, आणि खाली माझी सही. ‘नको’ म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. तेव्हा वाटलं, काटाच ‘नको’ म्हणू दे. मग दोष कुणाचाच नाही.

सोपा उपाय वेगळाच होता. तुम्ही परत निघालात तेव्हा काटा तुझ्या हाती देण्याआधी खालची पट्टी उघडली होती. आत एक बारका स्क्रू असतो. अर्धा फेरा दिला असता तर तुला बहात्तर कधी दिसलेच नसते. हॉस्पिटलात पकडलं गेलं असतं, पण त्यामुळे थांबलो नाही. हात पुढे जाईना. पट्टी तशीच लावली. मग पेन घेऊन तुला मध आणि खजूर लिहिले. ते जमलं. याची मला आता सगळ्यांत जास्त लाज वाटते.

अजून एक सांगतो आणि थांबतो. दर पत्र उघडताना मनात असायचं, काटा उतरला असू दे. माझं न ऐकता हिने आपलंच केलेलं असू दे. मला मरायचं नाही, ढब्बू. मला फार भीती वाटते. पण तुझ्या बदल्यात जगायची त्याहून वाटते.

दादा

१७ ऑगस्ट

दादा, साडेसत्त्याहत्तर.

३१ ऑगस्ट

दादा, साडेपंचाहत्तर. चालत जाते, चालत येते.

१४ सप्टेंबर

दादा, साडेत्र्याहत्तर. वहिनीने लिहिलं की तू दोन दिवस हॉस्पिटलात होतास आणि कुणाला ओळखत नव्हतास. मला ओळखशील एवढा शुद्धीत राहा. माझं तुझ्याशी भांडण अजून व्हायचं आहे.

२५ सप्टेंबर

दादा,

बहात्तर.

आज सकाळी. धाकटीला शेजारी उभं करून तिच्याकडून आकडा वाचून घेतला, कारण मला डोळ्यांत पाणी आल्यामुळे दिसत नव्हतं. काल इथे पुन्हा तपासणी झाली, लिव्हरवरची चरबी पुरेशी उतरली आहे. सहा ऑक्टोबरची तारीख मिळाली. कागद सोबत पाठवते आहे. माझ्या आणि तुझ्या मेहुण्यांच्या सह्या झाल्या आहेत. तुझी जागा रिकामी आहे.

पन्नासेक दिवस मी तुझ्यावर इतकी रागावले होते की भूकच लागायची नाही. आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हा उपाय मी कुणाला लिहून देऊ शकत नाही. खणातले डबे मी सुपरवायझर बाईंना दिले. आता अकरा वाजता त्या खातात आणि चार वाजता माझ्याशी चक्क बोलतात.

राग संपला असं नाही. तू माझ्या वतीने ठरवलंस, ते मी सहज विसरणार नाही. पण एक गोष्ट मी तेरा वर्षांची असतानाच तुला सांगायला हवी होती. आईच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडं होतं. तू पेन धरून किती वेळ उभा होतास ते मी पाहिलं. तुला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. आई तुझ्या सहीने गेली नाही, दादा. मला हे तेव्हाही माहीत होतं. तू इतकी वर्षं तसं समजत होतास, हे मात्र मला माहीत नव्हतं.

मलाही भीती वाटते. काल भाजी चिरताना नखाएवढं बोट कापलं तर ओरडून अख्खं घर गोळा केलं, आणि इथे तर पोट उघडणार आहेत. डॉक्टरांना मी सगळं विचारलं, काय काय बिघडू शकतं तेही. त्यांनी लपवलं नाही. तरीही मी हे करते आहे, कुणी सांगितलं म्हणून नाही. यात तुला एकच काम आहे, आणि ते पेनाचं आहे.

धाकटीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. म्हटलं, लिव्हर परत वाढतं, आई लहान होत नाही. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, ‘मामाने सांगितलं तर खरं मानीन. वजनाचं मामाला कळतं.’

तुझी,
ढब्बू

३० सप्टेंबर

प्रिय ढब्बू,

सही केली. पूर्ण नाव लिहून केली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. वहिनीने कोपर धरलं होतं, तरी ओळ सोडून खाली गेली आहे. हॉस्पिटलातल्या बाईंनी विचारलं, ही तुमचीच सही ना? म्हटलं, माझीच.

फार भीती वाटते. ती जात नाही, आणि जाईल अशी वाट पाहत बसलो तर ऑक्टोबर निघून जाईल.

येताना काटा बरोबर आण. पिशवीत उभा ठेव, आडवा नको. ऑपरेशननंतर तू खोलीतून चालत बाहेर आलीस की आधी तुझं वजन करायचं. धाकटीसमोर. आकडा ती वाचेल.

तुझा,
दादा